रिकामी बाटली परत देऊ नये

काचेची चांगली बाटली टाकून देणाऱ्या माणसाच्या हाती मी तिजोरीची किल्ली कधीच देणार नाही. हे माझं मत ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी हिशेब तपासनीस असल्यामुळे तिथे त्याला थोडीफार किंमतही आहे. घरात त्याच मताला ‘पसारा’ म्हणतात.

हा पसारा बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी मांडणीवर नांदत होता. मधाच्या, कॉफीच्या, सॉसच्या. रुंद तोंडाच्या, बसक्या, उंच, खांदे पडलेल्या. सगळ्या गरम पाण्यात बुडवून, लेबलं नखानं खरवडून, उलट्या वाळवून मग सुलट्या लावलेल्या. झाकणं वेगळ्या डब्यात. पण कुठलं झाकण कुठल्या बाटलीचं, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची तारीख मात्र सांगता येत नाही, हा मुद्दा बायको नेमका याच वेळी का काढते ते मला आजवर कळलेलं नाही.

बायको शिवणकाम करते. तिचं मशीन जेवणाच्या टेबलावर असतं. त्यामुळे जेवायच्या आधी इतर घरांत माणसं हात धुतात, आमच्याकडे हात धुतात आणि मशीन उचलतात. जेवण झालं की मशीन मांडायचं, चहा आला की उचलायचं. “नव्या सुनेलासुद्धा एवढी उठबस करावी लागत नाही,” असं ती मशीनच्या वतीनं म्हणते. खिडकीखाली उजेड भरपूर. तिथे मशीन ठेवलं तर उचलायला नको, हे तिचं जुनं म्हणणं. पण तिथे मांडणी होती, आणि मांडणीवर मी होतो. म्हणजे माझ्या बाटल्या. पण त्यात फरक फारसा नाही.

अशात तिला मोठं काम मिळालं. वरच्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहतात. शाळेचं नाटक त्याच बसवतात. रंगमंचाचा जुना पडदा उंदरांनी खाल्ला म्हणून त्यांनी नवा शिवायला माझ्या बायकोला दिला. निळ्या मखमलीचं ठाण घरात आलं आणि कोणी पाहुणा पाय पसरून झोपावा तसं दारात आडवं झालं.

“अहो,” बायको म्हणाली, “एवढं कापड मी टेबलावर कशी शिवू? नाटक पंधरा दिवसांनी, शनिवारी आहे. मांडणी हलवा.”

“बाटल्या कुठे ठेवू?”

“रिकाम्या बाटल्या ठेवायच्याच कशाला?”

“लागतात.”

“कशाला?”

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो. समोरच्याला उत्तर नसलं की तो आधी छताकडे बघतो, हे मला माहीत आहे. मी छताकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. तिथे ताटलीत लालभडक आलुबुखार होते.

“जॅम करायला,” मी म्हणालो.

तिनं ताटलीतला एक आलुबुखार उचलून माझ्यासमोर ठेवला. “बरं,” म्हणाली, “भरा आणि वाटून टाका. नाटकाआधीच्या बुधवारपर्यंत मांडणी हलली नाही, तर बाटल्या भंगारवाल्याकडे.”

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी फळवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “साहेब, आज खायचे असतील तर किलोभर न्या. उद्या खायचे असतील तर नेऊ नका. आणि जॅम करायचा असेल तर पेटी न्या.” इतका स्वच्छ व्यवहार मी मोठमोठ्या कचेऱ्यांत पाहिलेला नाही. मी भारावून दोन पेट्या घेतल्या.

जिन्यातच सल्ले सुरू झाले. माणसाच्या हातात फळांची पेटी दिसली की जिना आपोआप अरुंद होतो. बाई म्हणाल्या, “अगदी सोपं असतं हो. जितकं फळ तितकी साखर, आणि ढवळत राहायचं. वर्गात पोरं सांभाळतो तसं. पाठ फिरवली की उतू.” समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहतात. ते म्हणाले, “साखर निम्मी घाला.” मग थोडं थांबून, धंद्याचा विचार करून म्हणाले, “किंवा घाला पूर्ण, माझं काही म्हणणं नाही.” तळमजल्यावरचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीचं सरकार. त्यांनी पेटी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, “हे घरगुती वापरासाठीच ना? कारण उत्पादन असेल तर सभेत ठराव लागतो.” मी म्हटलं, घरगुती. ते म्हणाले, “दोन पेट्या?” आणि हा प्रश्न तसाच हवेत ठेवून आत गेले. सेक्रेटरींचे प्रश्न असेच राहतात. पुढे कधी लागले तर म्हणून. आमच्या बाटल्यांसारखेच.

ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. तिला बातमी कशी कळली हे विचारण्यात अर्थ नाही. “लिंबू घाल,” ती म्हणाली. मी म्हटलं, बाईंनी लिंबाचं काही सांगितलं नाही. “मग बाईंनाच ताई म्हण,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिला घाणा मी मन लावून ढवळला. तो पातळच राहिला. थंड बशीवर थेंब टाकायचा, तो ओघळला नाही म्हणजे झालं, असं बाई म्हणाल्या होत्या. माझा थेंब बशीवरून ओघळून ओट्यावर गेला आणि ओट्यावरून माझ्या चपलेवर. मी आच मोठी केली. पुन्हा थेंब, पुन्हा ओघळ. स्वभावानं मी चिकाटीचा आहे. ज्या क्षणी जॅम तयार होतो तो क्षण मी नेमका थेंब पुसत असताना येऊन गेला असावा. बाटलीत भरून चमचा बाहेर काढायला गेलो तर चमचा येईना. मी हात सोडला. चमचा सरळ उभा राहिला.

बायको दाराशी उभी होती. “आता चमचाही गेला,” एवढंच बोलली.

दुसऱ्या घाण्यात मी लिंबू घातलं, आच बारीक ठेवली आणि पाठ फिरवली नाही. आणि काय सांगू, जमला! उजेडात धरला तर माणिक. तिसरा जमला, चौथा जमला. संध्याकाळपर्यंत मांडणीवरची एकूण एक बाटली भरली. माझ्या चष्म्यावर, केसांत आणि खिडकीच्या कडीवर साखर होती, पण मान ताठ होती. बायकोनं बोट बुडवून चाखलं आणि पुन्हा बोट बुडवलं. आमच्या घरात याला मानपत्र समजतात.

मग मी वाटायला निघालो. बाईंना दिली, डॉक्टरांना दिली, सेक्रेटरींना दिली, वरच्या-खालच्या सगळ्या दारांवर टकटक करून दिली. प्रत्येक दारात म्हणालो, “अहो, काही नाही हो, एकदम सोपं असतं.” हे वाक्य मी का बोललो? नुसती बाटली देऊन गप्प घरी आलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला कौतुक नुसतं पुरत नाही. आपण ते सहज मिळवलं असं दाखवावंसं वाटतं.

मांडणीवर निम्मी जागा मोकळी झाली. बायकोनं फूटपट्टी आणून मशीन मावेल का ते मोजलं. ती गुणगुणत होती.

माझ्या हिशेबात एक बाजू धरायची राहिली होती. रिकामी बाटली परत देऊ नये, हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण पाळतात सगळे. भांडं आलं तसं गेलं तर दोन्ही घरांची मान खाली. बाटलीत काय घालून द्यायचं, हा प्रश्न एरवी बायकांना दोन दिवस पुरतो. या वेळी तो पडलाच नाही. मीच दारोदारी जाऊन सांगून आलो होतो की एकदम सोपं असतं.

सगळ्यात आधी बाईंकडून बाटली आली. सफरचंदाचा जॅम. मग डॉक्टर आले. संत्र्याचा, बिनसाखरेचा. चव अशी की तोंड उघडायलाच नको; दातांसाठी उत्तम. सेक्रेटरी दोन बाटल्या घेऊन आले. “ही तुमची,” ते म्हणाले, “आणि ही आमच्याकडची. बरेच दिवस पडून होती. तुमच्याकडे बाटलीची कदर आहे म्हणून भरून आणली.” ही कल्पना जिन्यात पसरली. कदर करणारं घर सापडल्यावर लोकांनी आपापल्या माळ्यावरच्या बाटल्या खाली काढल्या. जेवढ्या गेल्या त्याहून जास्त आल्या, आणि सगळ्या भरलेल्या. मांडणी भरून उरलेल्या टेबलावर गेल्या. टेबलावर असलेलं मशीन पलंगावर गेलं.

बायकोचं गुणगुणणं थांबलं.

मी म्हटलं, निदान काही बाटल्या गावाबाहेर घालवू. ताईला पाठवून टाकू. एवढ्या लांबून ती काय परत करणार? एक मोठी बाटली घेऊन पार्सलच्या ऑफिसात रांगेत उभा राहिलो.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, “आत काय?”

“जॅम.”

“द्रव पदार्थ घेत नाही.”

“जॅम द्रव नाही.”

“मग घन आहे का?”

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. पण धंद्यानं माझी जीभ बिघडवली आहे. “निखळ घन म्हणता येणार नाही,” मी म्हणालो.

“फॉर्मात दोनच चौकोन आहेत,” तो म्हणाला. त्यानं बाटली उलटी करून खिडकीच्या फळीवर ठेवली आणि हाताची घडी घालून बघत बसला. रांगही बघू लागली.

“हलतोय,” माझ्या मागचे आजोबा म्हणाले.

“कुठं हलतोय? तुमची मान हलतेय,” त्यांच्या मागची बाई म्हणाली.

“अहो, नीट बघा, डावीकडून सरकतोय.”

“मला माझं पार्सल द्यायचंय, सरकू दे की!”

रांगेत दोन तट पडले. शेवटी कारकून आतून साहेबांना घेऊन आला. साहेबांनी बाटली सुलटी केली, झाकण उघडलं, खिशातल्या पेन्सिलीच्या मागच्या टोकानं चाखलं, विचार केला, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा चाखलं. “घन,” ते म्हणाले. “पण आता वजन पुन्हा करा. कमी भरेल.” साहेबांच्या या प्रामाणिकपणाचा मला इतका आदर वाटला की मी पिशवीत वाटायला ठेवलेली एक लहान बाटली त्यांनाही देऊ केली. त्यांनी घेतली. दुसऱ्याच दिवशी शिपायाबरोबर ती परत आली. आत पेरूचा जॅम होता.

ताईचा फोन आला. “पोचला. लिंबू कमी पडलंय. बाटली पाठवतेय.”

“नको गं ताई, तुझ्याकडेच ठेव!”

“रिकामी पाठवीन होय? आईनं असं शिकवलंय आपल्याला?” आणि तिच्याकडून खोकाच आला. ती थोरली, एकाला एक परत करणं तिच्या मानाला शोभलं नसतं.

आता जॅम खपवायचा तर लावायला काहीतरी हवं. मी गोड पाव करायचं ठरवलं. पीठ, दूध, साखर, यीस्ट, मध्ये जॅमचा थर. एका पावात एक बाटली सहज जिरेल, असा माझा अंदाज. बाई म्हणाल्या, “सोपं असतं.” मी मनातल्या मनात कान बंद केले, पण उशीर झाला होता.

बायको रंगमंचाचं माप घ्यायला शाळेत गेली होती. मी पीठ मळलं. आता ते ऊबदार जागी, जाड कापडानं झाकून ठेवायचं होतं. ऊबदार जागा म्हणजे खिडकी. जाड कापड म्हणजे... मी इकडे तिकडे बघितलं. पलंगावर निळ्या मखमलीची एक घडी होती. इतकं जाड, इतकं ऊबदार कापड घरात दुसरं नव्हतं. मी ते अगदी हळुवार हातानं पातेल्यावर पांघरलं. तेवढ्यात सेक्रेटरी दारात.

“मुंग्या,” ते म्हणाले.

जिन्यात मुंग्यांची रांग लागली होती आणि तक्रार माझ्या नावावर होती. मी तपासनीस माणूस. न बघता दोष कसा पत्करणार? आम्ही दोघं वाकून रांगेच्या मागे मागे निघालो. रांग माझ्या दारावरून वळली, पण आत आली नाही. एक मजला उतरली, दुसरा उतरली. वाटेत डॉक्टर भेटले. त्यांना वाटलं आमचं काही पडलंय, म्हणून तेही वाकले. रांग तळमजल्यावर गेली, सेक्रेटरींच्या उंबऱ्यावरून आत, त्यांच्या ओट्यावर, आणि मी दिलेल्या बाटलीच्या उघड्या तोंडापाशी संपली. सेक्रेटरींनी झाकण लावलं. “असो,” ते म्हणाले, “तक्रार निकाली.” मग चहा झाला. निर्दोष सुटलेल्या माणसाला चहा फार गोड लागतो. मी दोन कप घेतले.

वर आलो तेव्हा पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं. ते मखमलीला सगळीकडून बिलगलं होतं. मी सोडवायला गेलो, तर जे चिकटलं नव्हतं तेही चिकटलं.

बायको आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे त्याची उत्तरं तयार होती. ती खाली बसली, मखमल मांडीवर घेतली आणि नखानं पीठ काढू लागली. जिथे पीठ निघालं तिथे लवही निघाली. तिनं कात्री घेतली.

“किती जाईल?” मी विचारलं.

“वीतभर. पडद्याची खालची कड होती ती.”

“आणखी कापड आणू?”

“त्या ठाणातलं संपलंय. दुसऱ्या ठाणाचा निळा याच्याशी जुळणार नाही.” कात्री थांबली. “मला बसायला जागा हवी होती हो. एवढंच मागितलं होतं.”

मी मांडणीखालून दोन रिकाम्या पिशव्या काढल्या. 

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी मी त्या दोन पिशव्या भरून बाटल्या घेतल्या आणि स्वतः भंगारवाल्याकडे गेलो. बाटल्या स्वतःच्या पायांनी घालवायला निघालेला मी, रस्त्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतो.

भंगारवाल्यानं पिशवीत डोकावलं. “साहेब, भरलेली बाटली आम्ही घेत नाही. रिकामी करून आणा.”

“रिकामी एकही नाही रे.”

“मग काय करणार?” त्याला एकदम आठवण झाली. “बरं झालं आलात. तुमच्या घरच्या बाईसाहेबांनी जॅम दिला होता गेल्या आठवड्यात. ही घ्या बाटली. घरच्यांनी अंजिराचा केलाय.”

मी दोन पिशव्या आणि एक बाटली घेऊन परत आलो.

घरी बाई आल्या होत्या, पडदा कुठवर आला ते विचारायला. बायको त्यांना पलंगावर पसरलेली मखमल दाखवत होती, आणि खालची कड हातानं झाकत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी पिशव्यांतल्या बाटल्या मुकाट्यानं मांडणीवर लावू लागलो. खिडकीतून ऊन आलं होतं. आलुबुखार लाल, सफरचंद पिवळा, संत्रं नारिंगी, पेरू फिका, अंजीर जांभळा.

“अय्या!” बाई ओरडल्या. “माझं दुकान!”

त्यांच्या नाटकात औषधांचं दुकान होतं. रंगीत औषधांच्या बाटल्यांनी भरलेली मांडणी हवी होती. शाळेकडे चार शाईच्या दौती आणि एक पुठ्ठ्याचं कपाट होतं, आणि त्या पुठ्ठ्याकडे बघून बाईंची झोप उडाली होती.

“ऑडिटर, द्याल का हो? मांडणीसकट?”

“द्याल का” हे मला पुरतं ऐकूही आलं नाही. मी मांडणीचं एक टोक उचललं होतं.

“परत मात्र करायच्या नाहीत,” मी म्हणालो. “भरून नाही, रिकाम्या नाही, मांडणी नाही.”

“मग नाटक झालं की पोरांना देऊन टाकते एकेक. घरी नेतील.”

पोरांना आमचं घर माहीत नव्हतं. मी हे दोनदा विचारून पक्कं केलं.

मांडणीबरोबर टेबलावरच्या बाटल्या आणि ताईचा खोकाही गेला. संध्याकाळी खिडकीखालचा कोपरा मोकळा होता. भिंतीवर मांडणीचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. बायकोनं मशीन तिथे ठेवलं, खुर्ची ओढली, बसली, उठली, खुर्ची इंचभर सरकवली, पुन्हा बसली. मग मशीन सुरू झालं आणि शनिवारपर्यंत जेवणासाठी सुद्धा कुणी उचललं नाही.

नाटकाला सारी इमारत लोटली होती. पडदा झोकदार होता. निळा, जड, चुण्या अशा की बघत राहावं. फक्त जमिनीपासून वीतभर वर. त्या फटीतून पलीकडची सगळी पावलं दिसत होती. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, “ती मोठी पावलं बाईंची.” मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो.

पडदा उघडला आणि टाळ्या पडल्या. नाटकाला नव्हे, बाटल्यांना. मागून दिवा सोडला होता. दुकान देवळासारखं उजळलं होतं. मधोमध, मानाच्या जागी, माझा पहिला घाणा: बाटलीत चमचा उभा. मला भरून आलं.

गोष्ट अशी होती की लोभी औषधवाला चुकीची बाटली देतो, एक चमचा घेताच रोगी मरतो, आणि मग औषधवाल्याला उपरती होते. रोगी झालेली मुलगी कण्हत आली. औषधवाल्यानं बाटली उघडली, चमचा दिला. मुलीनं तोंड वाकडं करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

“आणखी एक,” ती म्हणाली.

औषधवाल्याच्या संवादांत हे नव्हतं. त्यानं आणखी एक दिला.

“अजून बरं वाटत नाही,” मुलगी म्हणाली. “आणखी.”

पडद्याआडून बाईंचा आवाज आला, “मर गं!” मुलगी घाईनं बाटलीचा तळ खरवडून, दोन्ही ओठ पुसून मग मेली. लोक हसून हसून वाकले. पडदा ओढला गेला. आणि त्या वीतभर फटीतून सगळ्या सभागृहानं बघितलं: मेलेली रोगी पोटावर सरपटत मांडणीकडे निघाली, एक हात वर गेला आणि खाली आला तो बाटलीसकट. औषधवाल्याची पावलंही तिकडेच धावली. मग शिपाई, आई, वैद्य, राजा, सगळ्यांची. शेवटी ती मोठी पावलं आली आणि कमरेवर हात ठेवून उभी असावीत तशी उभी राहिली. टाळ्या थांबेनात.

नाटक संपल्यावर मुख्याध्यापक बायकोपाशी आले. हसून त्यांचे डोळे ओले होते. “काय कल्पना आहे हो तुमची! पडदा मुद्दाम आखूड ठेवलात?”

मी बुटांकडे बघू लागलो. बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं.

“हो,” ती म्हणाली, “हल्ली तशीच पद्धत आहे.”

मुख्याध्यापकांनी तिला वर्गांच्या पडद्यांचंही काम दिलं. पोरं एकेक बाटली छातीशी धरून घरी गेली. चमच्याची बाटली डॉक्टरांनी मागून नेली आणि दवाखान्यात दर्शनी ठेवली. खाली काही लिहिलेलं नाही. रोगी समजून जातात.

रविवारी मी गोड पाव केला. पिठावर झाकायला माझा ऑफिसचा कोट घेतला. हा निर्णय कुणी सुचवला नव्हता. पाव चांगला फुगला, तांबूस झाला, आणि कोटही सुटला. बायको खिडकीखाली बसून सामान लावत होती: दोरे एका खणात, टाचण्या एका डबीत. ओंजळीत बटणं घेऊन ती उठली आणि खोलीभर नजर फिरवली.

“अहो,” ती म्हणाली, “एखादी रिकामी बाटली आहे का हो? बटणं ठेवायला.”

मी चष्मा पुसला. असे क्षण माणसाला आयुष्यात फार येत नाहीत आणि आले की बोलून नासवू नयेत. ती ओठ दाबून हसू आवरत होती. घरात एकही बाटली नव्हती. मी चपला घातल्या आणि वर बाईंकडे गेलो.

“एक रिकामी बाटली द्या,” मी म्हणालो. “बटणांना.”

“आहे की,” म्हणत बाई आत गेल्या. बराच वेळ झाला. मग चमच्याचा आवाज आला.

“बाई, रिकामीच हवीय!”

“वा हो! दारातून रिकामी बाटली देऊ तुमच्या हातात? कोणी बघितलं तर काय म्हणेल?”

बाटली ओळखीची निघाली, नाटकानंतर त्यांच्याकडेच राहिलेली. मधाची होती, झाकणावर एक पोचा. आत आलुबुखारचा जॅम होता. चाखून बघितला, लिंबू बेताचं. माझाच.

खाली येऊन मी ती टेबलावर ठेवली. बायकोनं बाटलीकडे बघितलं, ओंजळीतल्या बटणांकडे बघितलं. ती बटणं बशीत ओतून तिनं पाव कापायला घेतला. आम्ही समोरासमोर बसलो. टेबल एवढं मोठं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही कोपरं टेकली तरी जागा उरत होती. मी पहिल्या तुकड्यावर जॅम जरा कंजूषपणेच लावला.

“भरपूर लावा,” ती म्हणाली, “बटणं थांबलीयत.”